चार बोटं कमी

त्या वर्षी धुकं उठायचं नाव घेईना. उतारावरचं गवत कापून अंगणभर पसरलं होतं आणि सकाळी दहा वाजले तरी अंगणाचा पलीकडचा कोपरा दिसत नव्हता. म्हातारी आई रोज पदर खोचून जुड्या उलटत जायची. प्रत्येक जुडीतली एक काडी उपसून कानाजवळ धरायची आणि मोडायची. वाळलेली काडी कट्‌कन तुटते. ही नुसती वाकायची. "अजून ओली आहे," असं स्वतःशीच म्हणून आई पुढच्या जुडीकडे सरकायची.

फुलझाडू बांधणं हे या घराचं काम. थोरला मुलगा गवत कापून आणायचा. त्याची बायको, थोरली, तोंडाला फडकं बांधून फुलोरा फळीवर झोडपायची. त्यातला बारीक भुसा उडून तिच्या पापण्यांवर बसायचा आणि दुपारपर्यंत ती पांढऱ्या भुवयांची दिसायची. काड्या निवडून जुडी जमवायचं काम आईचं. धाकटा मुलगा तार आवळायचा आणि त्याची बायको, धाकटी, मुठीवर नळी चढवून डझनाचे गठ्ठे बांधायची. पाचजण पाच जागी बसत. जागा कोणी बदलत नसे.

एका दुपारी थोरला बाजाराच्या गावाहून परत आला तो मागे बांधलेले गठ्ठे तसेच घेऊन. मोटरसायकल उभी करून तो दोऱ्या सोडत बसला.  शेवटी आईच म्हणाली, "काय म्हणाला दुकानदार?"

"म्हणाला, ठेवायला जागा नाही."

"आणखी?"

"चहा पाजला."

आईचा हात थांबला. वीस वर्षांत त्या दुकानदाराने या घराला कधी पाण्याचंही विचारलं नव्हतं. "चहा पाजला म्हणजे संपलं," ती म्हणाली.

"त्याच्या दारात एक पार्सल पडलं होतं," थोरला म्हणाला. "लांबडं. त्याच्या बायकोने मागवलेलं. मी हात लावून बघितला. झाडू होता."

थोरलीला हसू आलं आणि भुसा नाकात जाऊन ती शिंकत सुटली. धाकटी मात्र हसली नाही. ती बारावीपर्यंत शिकलेली होती आणि घरातला बरा फोन तिच्याकडे होता. तिने नळी चढवता चढवता म्हटलं, "दादा, दुकानदाराची बायको जर फोनवर झाडू घेते, तर तो आपला का नसावा?"

कोणी हो म्हणालं नाही, नाहीही म्हणालं नाही. त्या घरात याचा अर्थ हो असाच होता.

धाकटीने चार दिवस फोनवरून माल विकणाऱ्या एका कंपनीचे फॉर्म भरले. कंपनीला फोटो हवा होता, वापरताना दिसेल असा. तिने आईच्या हातात झाडू दिला, मागे चादर टांगली आणि फोटो काढून पाठवला. तो परत आला. दुसरा पाठवला, तोही परत आला. मग कंपनीच्या मदत केंद्रातून एका मुलीचा फोन आला.

"मॅडम, फोटोतले हात स्वच्छ हवेत."

"स्वच्छच आहेत. आत्ताच धुतलेत."

"तसं नाही, मॅडम. हातावर चिरा दिसतात. बोट काळं पडलंय. घेणाऱ्याला बरं वाटत नाही ते. दुसरे हात घ्या ना."

फोनचा आवाज मोठा ठेवला होता. आई तिथेच काड्या निवडत होती. तिने एकदा आपला अंगठा उलटा करून बघितला, मग कामाला लागली.

धाकटी गल्लीच्या टोकाच्या शिंपिणीकडे गेली. शिंपिणीचे हात गोरे, नखं नीट कापलेली. ती आनंदाने आली, पावडरही लावून आली; पण झाडू तिने पंख्यासारखा धरला. "असा धरला तर मनगट जाईल," म्हणून आईने उठून तिची बोटं एकेक करून मुठीवर बसवली आणि मागे सरकली. फोटो पास झाला. धाकटीने तो आईला दाखवला.

"छान आहे हात," आई म्हणाली.

पहिला झाडू कुठल्यातरी न ऐकलेल्या गावाने मागवला. एका झाडूसाठी पाचही जण उठले. थोरल्याने ढिगातला सगळ्यात बरा काढला, थोरलीने तो पुन्हा एकदा झोडपला, धाकट्याने तारेचं टोक आत मुडपलं. कागद गुंडाळून, चिकटपट्टी लावून पार्सलची गाडी थांबायची त्या पुलाजवळ धाकटी स्वतः जाऊन उभी राहिली. पोचवणाऱ्या गाडीच्या माणसाने पार्सल हातात घेऊन विचारलं, "काय आहे? बंदूक?"

मग आठवड्याला पाच झाले, मग रोज पाच, मग रोज वीस. अनोळखी माणसं फोनवर झाडूला तारे देऊ लागली, खाली दोन शब्द लिहू लागली. धाकटी संध्याकाळी वाचून दाखवायची: "मजबूत आहे. वर्षभर टिकेल. भुसा पडत नाही." भुसा पडत नाही हे ऐकून थोरलीने फडक्याखालून, "कसा पडेल? सगळा माझ्या नाकात आहे," असं म्हटलं, पण ते वाक्य तिने दोनदा वाचून घेतलं.

दीड महिन्याने मागणी एकाएकी आटली. वीसवरून आठ, आठवरून तीन. धाकटीने शोधून बघितलं तर त्यांचा झाडू तिसऱ्या पानावर गेला होता आणि पहिल्या पानावर दुसराच कोणी होता. फोटो मात्र तोच.

"हा आपला हात आहे!" ती ओरडली.

"शिंपिणीचा आहे," थोरली म्हणाली.

विकणाऱ्याचं नाव वाचायची गरजच पडली नाही. पार्सल कुठून निघतं तिथे त्यांच्याच गावाचा पिन क्रमांक होता. गावात गवताचा व्यापार करणारा एकच होता. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तो घरातसुद्धा काळा चष्मा लावून बसे, म्हणून सगळे त्याला गॉगल म्हणत. आजवर या घराला कमी पडलं तर गवत त्याच्याकडूनच यायचं.

धाकटी त्याच्या शेडवर गेली. धाकटाही सोबत होता, पण दारातच थांबला. आत सात-आठ बायका झाडू बांधत होत्या. गॉगलने खुर्ची पुढे केली.

"फोटो काढून टाका," धाकटी उभ्यानेच म्हणाली.

"काढतो. आजच काढतो. चुकलंच ते." गॉगल मुळीच ओशाळला नाही. "पण वहिनी, फोटोने काही होत नाही. तुमचा झाडू लांब आहे, खरी गोष्ट ती आहे. लहान पार्सलाच्या मापात बसत नाही. पोचवणारे वजनाबरोबर लांबीही धरतात. मी चार बोटं कमी केली, त्या मापात बसवला, तेवढीच किंमत खाली आणली. एवढंच केलंय मी."

"आखूड झाडूने वाकावं लागतं."

"वाकावं लागतं ते घेतल्यावर कळतं," गॉगल म्हणाला. "किंमत आधी दिसते."

परत येताना धाकटा बायकोला म्हणाला, "माणूस खोटं बोलत नाही." धाकटीलाही तसंच वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा माणूस स्वतः आला. तरुण, घामेजलेला, बुटांना चिखल लागला म्हणून हिरमुसलेला. त्याने कट्ट्यावर लॅपटॉप उघडला आणि एक चढती रेघ दाखवली. "हे तुम्ही होऊ शकता," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात एक ठेका होता, बऱ्याच कट्ट्यांवर बोलून बसलेला. आधी दिसलं पाहिजे, कमाईचं मग बघता येतं. पहिल्या पानावर जो आहे तोच बाजारात आहे. किंमत उतरवायची, जाहिरात लावायची, चार बोटं कमी करायची, पार्सल दोन दिवसांत निघालंच पाहिजे. समोरचा एकदा थकला की मग किंमत पुन्हा वर न्यायची.

"किती दिवस उतरवायची?" थोरल्याने विचारलं.

"समोरचा थकेपर्यंत."

आई इतका वेळ काड्या निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यालाही तुम्ही हेच सांगत असाल ना?"

माणसाने घाम पुसला. "त्यांच्याकडे दुपारी जायचंय," तो म्हणाला.

तो गेल्यावर घरात बोलणं झालं. आईने कोपऱ्यातला एक झाडू उचलला, मुठीच्या खाली चार बोटं सोडून धरला आणि कट्ट्यापासून दारापर्यंत झाडत गेली. परत आली तेव्हा तिचा एक हात कमरेवर होता. "एक खोली झाली," ती म्हणाली. "ज्या बाईला दहा खोल्या झाडायच्या तिचं काय?"

"आई, ती बाई झाडू विकत घेत नाही," धाकटा म्हणाला. "घेणारा वेगळा असतो."

 धाकटीने सगळ्यांकडे बघितलं. हिशोब तिने मनात आधीच करून ठेवला होता: तिसऱ्या पानावर बसून पाच माणसांचं घर चालत नाही, आणि दुकानं तर दार लावून बसली होती. "करू या," ती म्हणाली. "समोरचा थकेपर्यंत."

दुसऱ्या दिवशी थोरल्याने ओंडक्यावर कोळशाने खूण केली. बांधलेला झाडू त्यावर ठेवायचा, खुणेपाशी कोयता मारायचा. ठक्‌. चार बोटांचा तुकडा उडून पडायचा. ठक्‌. ठक्‌. संध्याकाळपर्यंत ओंडक्याशी गुडघाभर तुकडे साठले. चुलीत घालायला बरे, असं थोरली म्हणाली.

झाडू पहिल्या पानावर आला. मग घराचं रूप बदललं. गावातल्या सहा बायका कामाला बसल्या. अंगणात जागा पुरेना म्हणून आईची जागा भिंतीकडे सरकली, आणि काड्या निवडायला इतका वेळ द्यायचा नाही असं ठरल्यावर ती जागाही उरली नाही. आई मग तुटलेल्या काड्या वेचत फिरायची. झोडपणं निम्म्यावर आलं. थोरलीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना तारेने कापलं, त्यावर पट्टी, पट्टीवर पिशवीचं प्लॅस्टिक बांधून ती काम करायची. रात्री जेवताना घास डाव्या हाताने घ्यायची. कोणाच्या लक्षात आलं नाही.

किंमत आता सकाळी गॉगल उतरवायचा आणि दुपारी धाकटी. दोन घरांत चालत पाच मिनिटांचं अंतर होतं. वाटेत भेटले तर दोघं एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करत. कामाच्या बायका ज्याची मजुरी जास्त त्याच्याकडे जात. सोमवारी इकडे दिसलेली बाई गुरुवारी तिकडे तार आवळताना दिसायची आणि तिथली बातमी परत येताना आणायची. "त्यांनी साडेसहाला काम सुरू केलंय." मग इथे सहाला सुरू व्हायचं. धाकटा ताटावर बसूनही फोन बघायचा. "वर आलो," म्हणायचा. भाताचे दोन घास घ्यायचा. "खाली गेलो."

"तू जेवतोयस की पोहतोयस?" आईने एकदा विचारलं.

तारे देणाऱ्यांमध्ये आता वेगळा सूर येऊ लागला होता. "स्वस्त आहे, ठीक आहे." "आखूड आहे." "आमच्या बाईने परत दिला, म्हणते कंबर धरते." धाकटी हे वाचून दाखवेनाशी झाली.

मग कंपनीने तीन दिवसांची महाबचत जाहीर केली. भाग घ्यायचा असेल तर किंमत आणखी खाली आणि पार्सल ठरल्या वेळेत; नाही घेतला तर पान खाली. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "हे तीन दिवस जो टिकला, वर्ष त्याचं." गॉगल भाग घेणार हे कामाच्या बायकांनी आधीच सांगितलं होतं. धाकटीनेही हो म्हटलं.

तीन दिवसांत नऊशे झाडू लागले. साठवणीतलं कोरडं गवत अडीचशेला संपलं. उरलेलं अंगणात होतं, धुक्यात.

थोरल्याने जुडीत हात खुपसला. "आतून गार लागतंय," तो म्हणाला. "हे बांधायचं नाही."

"वरून वाळलंय ना, दादा," धाकटा म्हणाला.

"झाडू वरून बांधतोस काय?"

"दोन दिवसांत निघालं नाही तर खातं बंद पडेल. मग काय करणार आहेस तू? गठ्ठे घेऊन जाणार आहेस पुन्हा त्या दुकानात? चहा प्यायला?"

थोरल्याने कोयता खाली ठेवला. दोघं भाऊ एकमेकांसमोर उभे राहिले, बायकांनी हात थांबवले.  मग थोरला वळला आणि मागच्या खोलीत गेला. तिथे दोऱ्या बांधून, खाली शेगड्या पेटवून त्याने जुड्या टांगायला सुरुवात केली. डोळे चुरचुरून लाल होईपर्यंत तो त्या धुरात जुड्या फिरवत राहिला. दोन दिवसांत तीनशेचं गवत त्याने वाळवलं. राहिलेल्या साडेतीनशे झाडूंना शेगडी मिळाली नाही.

धाकटीने त्यातला एक हातात घेतला. जड होता. तिने कट्ट्याकडे बघितलं. आई तिथे बसली होती आणि हातातली काडी वाकवत होती. काडी मोडली नाही. आईने ती खाली ठेवली आणि काही बोलली नाही. धाकटीने कागद गुंडाळला, पत्ता चिकटवला, पुढचा घेतला.

महाबचतीनंतर बाराव्या दिवशी गाडी पुलाजवळ न थांबता थेट दारात आली. पोचवणाऱ्या माणसाने मागचं दार उघडलं आणि आतूनच पार्सलं ढकलायला लागला. "सही करा," तो म्हणाला. "अजून उद्या आहेत." कागद फाडल्याबरोबर वास आला, बंद खोलीत ओलं फडकं राहिलं की येतो तसा. फुलोरा काळा पडला होता, काहींवर पांढरी बुरशी धरली होती. थोरलीने एक फळीवर झोडपून बघितला तर फुलोराच गळून हातात नुसता बुडखा राहिला. लोकांनी फोटो लावले होते. एका बाईने लिहिलं होतं, लहान मूल खोकतंय, घराबाहेर टाकला. चार दिवसांत दोनशे साठ परत आले आणि खातं बंद झालं. धाकटीने मदत केंद्राला फोन लावला. मुलगी पूर्वीचीच होती की दुसरी, कळलं नाही. ती गोड आवाजात म्हणाली, "आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," आणि तो कापला गेला.

धुकं काही घर बघून उतरत नव्हतं. त्याच आठवड्यात गॉगलचंही खातं बंद झालं. तो संध्याकाळी आपणहून आला, कट्ट्यावर बसला, चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत राहिला. चष्म्याशिवाय त्याचे डोळे बारीक आणि दमलेले दिसले.

"आता वर कोण आहे बघितलंत का, वहिनी?"

धाकटीने फोन उघडला. पहिल्या पानावर पहिला झाडू कंपनीचा स्वतःचा होता. कंपनीचं नाव, प्लॅस्टिकची निळी मूठ, लांबी चार बोटं कमी. दोघांनी अखेरच्या दिवशी लावली होती तीच किंमत.

"आपण एकमेकांना पाडत होतो आणि ते लिहून घेत होते," गॉगल म्हणाला. "किती लांबीला खपतो, कितीला खपतो, कुठल्या गावात खपतो. सगळं आपणच सांगितलं." हे सांगताना तो चिडला नव्हता. थोडं कौतुकच होतं त्याच्या आवाजात.

महिन्याभरात कंपनीचा माणूस परत आला. या वेळी बूट जुने घालून आला होता. कंपनीला निळ्या मुठीचे झाडू बांधून हवे होते. गवत तुमचं, हात तुमचे, नाव आमचं. गॉगलने त्याच दुपारी होकार दिला. इथे मात्र थोरल्याने पहिल्यांदाच सगळ्यांच्या आधी तोंड उघडलं.

"आम्हाला जमणार नाही."

"का पण? मागणी पक्की आहे."

"कोयत्याला धार नाही," थोरला म्हणाला आणि उठून गेला.

धाकटा त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून निघाला. गॉगलला शेडवर देखरेख करायला माणूस हवा होता. "घरात एकाचा तरी पगार येऊ दे," तो बायकोला म्हणाला. ती अडवेल असं त्याला वाटलं असावं, कारण तो दारात थोडा थांबला. तिने अडवलं नाही.

परत आलेली पार्सलं पडवीत रचून ठेवली होती. धाकटी एकेक करून कागद सोडवायला बसली. थोरली म्हणाली, जाळून टाक, कशाला उकरतेस. पण धाकटीला झाडू नको होते, तिला वरचे पत्ते हवे होते. दोनशे साठ पत्ते तिने वहीत उतरवले. मग ती पोस्टात जाऊन कार्डं घेऊन आली आणि लिहायला बसली. रोज दुपारी पंधरा-वीस व्हायची. मजकूर एकच होता: तुम्हाला आलेला झाडू ओल्या गवताचा होता. आम्हाला ते माहीत होतं. गवत वाळलं की त्याच्या जागी दुसरा पाठवू, पूर्ण लांबीचा, त्याचं काही द्यायचं नाही. हवा असेल तर एवढंच कळवा. खाली तिने फोन नंबर घातला.

आईने एक कार्ड वाचायला लावलं. धाकटीने वाचलं.

"'आम्हाला' कशाला लिहितेस?" आई म्हणाली.

धाकटीने पेन खाली ठेवलं. "बरोबर आहे. मला माहीत होतं. बाकीच्यांना कशाला ओढू? मीच पत्ते चिकटवले."

"काडी मी मोडून बघितली होती," आई म्हणाली. "मला बोलता आलं असतं." तिने कार्ड हातात घेऊन उलटसुलट बघितलं. वाचता येत नव्हतं तिला. "राहू दे. 'आम्हाला'च राहू दे."

धुकं एका सकाळी नव्हतं. ते उठताना कोणी बघितलं नाही. आठ दिवस कडक ऊन पडलं, काड्या कट्‌कट्‌ मोडू लागल्या आणि आईची जागा पुन्हा अंगणाच्या मधोमध आली.

कार्डांना पंचेचाळीस उत्तरं आली. काहींनी शिव्या दिल्या, एकाने तर कार्डाचाच फोटो कुठेतरी लावून त्यावर हसून घेतलं. झाडू मागणारे एकतीस निघाले. त्यांना झाडू गेले. त्यातल्या नऊजणांनी पुढे पुन्हा मागवले, या वेळी किंमत देऊन. एका मोठ्या इस्पितळातल्या सफाईच्या मुकादम बाईने फोन केला. आवाज राकट होता. तिने स्वतःच्या घरासाठी एक मागवला होता. "तुम्ही पाठवलेला लांब झाडू मी कामावर नेला," ती म्हणाली. "आमच्या बायका भांडायला लागल्या त्यावरून. उभं राहून झाडता येतं म्हणे. साठ लागतील. दर महिन्याला. पण एक ओला निघाला तर साठच्या साठ परत."

"निघणार नाही," धाकटी म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने वहीत 'साठ' लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

त्यानंतर धाकटीने पान-बिन शोधायचं सोडून दिलं. ती झाडू विकत घेणाऱ्यांना नाही, झाडणाऱ्यांना शोधू लागली. शाळा, वसतिगृहं, कारखान्यांची उपाहारगृहं, जिथे जिथे कोणी दिवसभर झाडतं तिथे फोन लावायची आणि साहेबाला न मागता मुकादमाला मागायची. दहा फोनांत एखादा लागायचा. घर फार वर आलं नाही. पण सहा बायकांपैकी दोघी कायमच्या राहिल्या, थोरलीची बोटं भरून आली आणि सकाळी सहाला सुरू झालेलं काम संध्याकाळी सहाला थांबू लागलं.

नवरा-बायको एकाच खोलीत राहत आणि दोन वेगळ्या झाडूंचं काम करत. धाकटा संध्याकाळी शेडवरून यायचा. "किती झाले आज?" ती विचारायची. "पाचशे. तुमचे?" "सव्वीस." मग दोघं जेवायला बसायची. तो हसायचा नाही. पहिल्या काही आठवड्यांत हसला होता.

उन्हाळ्याच्या तोंडावर एके दिवशी तो दुपारीच घरी आला. अंगणात काम चालू होतं. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"आज लवकर?" थोरल्याने विचारलं.

"मशीन आलंय. तार आवळतं, लेबलही लावतं. वर कॅमेरा बसवलाय." त्याने शर्टाची बाही सरळ केली. "देखरेख कंपनीतून होते आता. गॉगलवरही तोच कॅमेरा आहे."

 थोरलीच्या फळीचा आवाज तेवढा चालू राहिला. धाकटा बायकोकडे बघत म्हणाला, "तुम्हाला माणूस हवाय का एखादा?"

धाकटीने आईकडे बघितलं.

"काय येतं?" आईने विचारलं.

"आई!"

"तार आवळता येते?"

"येते."

"किती आवळायची?"

"झाडू उलटा धरून आपटला तरी काडी सुटायला नको, इतकी."

"सकाळी सहाला ये," आई म्हणाली. "उशीर चालणार नाही."

"मी याच घरात राहतो, आई."

"म्हणूनच सांगतेय," आई म्हणाली आणि सरकून तिने स्वतःच्या शेजारी एका माणसापुरती जागा केली.